तापीतीरीचा सिपहसालार

आज आषाढ शुद्ध सप्तमी. सूर्यकन्या तापीमाईचा हा जन्मदिवस. सातपुड्यातील मुळताईच्या कुंडापासून सुरतेपुढील सागरसंगमापर्यंत सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करणाऱ्या या पुण्यसरितेच्या काठी आज स्नाने होतील, ओट्या भरल्या जातील, सायंकाळी द्रोणांतून दिवे सोडले जातील. चार दिवसांनी विठुरायाची एकादशी येते. परंतु आम्हां खानदेशकरांची आषाढी खऱ्या अर्थाने आजच सुरू होते.

या दिवशी कीर्तनाच्या पूर्वरंगात आम्ही तपतीची कथा सांगतो आणि उत्तररंगास थाळनेरच्या एका यवन सरदाराचे चरित्र घेतो. काही वर्षांपूर्वी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माउली आरतीचे तबक घेऊन आमच्यापाशी आल्या आणि म्हणाल्या की, बुवा, आख्यान गोड झाले, पण तापीमाईच्या वाढदिवशी त्या कबरीतल्या माणसाचे आमच्याशी काय नाते, हे काही कळले नाही. प्रश्न रास्त होता. त्या वेळी आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले, पण त्या उत्तराने आमचेच समाधान झाले नाही. आज ते सविस्तर मांडण्याचा यत्न करतो.

प्रथम तपतीचे स्मरण करू. महाभारताच्या आदिपर्वात गंधर्व अर्जुनास तापत्य या नावाने हाक मारतो, आणि अर्जुनाने कारण विचारल्यावर तो त्यास ही कथा ऐकवितो. राजा संवरण मृगयेस गेला असता त्याचा अश्व तहान-भुकेने व श्रमाने गतप्राण झाला. पर्वतावर एकाकी फिरणाऱ्या राजास सूर्यकन्या तपतीचे दर्शन घडले. वसिष्ठ महर्षींनी सूर्याकडे रदबदली करून तिचा विवाह संवरणाशी लावून दिला. परंतु त्या सुखात राजा बारा वर्षे वनातच रमला. राजा राज्यास विसरला, म्हणून इंद्रानेही पर्जन्य आवरून धरला. प्रजा अन्नान्नदशेस लागली. अखेर वसिष्ठांनी राजास व तपतीस नगरात आणले, तेव्हा पाऊस पडला आणि शेते पुन्हा पिकली. या दांपत्याचा पुत्र कुरू; त्याच्याच नावाने कौरव आणि कुरुक्षेत्र. या कथेतील मुख्य गोष्ट एवढीच, की ज्याच्या हाती राज्य आहे त्याने कोणाचे देणे लागतो हे विसरू नये. विसरला, तर दुष्काळ प्रजेच्या वाट्यास येतो.

आता उत्तररंगाकडे वळू.

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात तापीच्या उत्तर तीरी थाळनेर हे प्राचीन गाव आहे. लता मंगेशकरांचे आजोळ म्हणून ते महाराष्ट्रास ठाऊक आहे. नदीच्या पात्रालगत किल्ल्याचे अवशेष उभे आहेत आणि गावात फारुकी सुलतानांच्या घुमटदार कबरी आहेत. बहुतेक चौकोनी आहेत; एक अष्टकोनी असून तिच्या बाह्यांगावरील दगडी नक्षी पाहण्यासारखी आहे. ती या घराण्यातील मुबारकखानाची मानली जाते. याच समूहात या वंशाचा मूळ पुरुष मलिक राजा फारुकी चिरनिद्रा घेत आहे. त्याचे पाळण्यातले नाव मलिक अहमद. परंतु त्यास सर्वत्र मलिक राजा याच नावाने ओळखतात. राजा हा आपल्या भाषेतला शब्द परधर्मीय सरदाराच्या नावास असा कायमचा जडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच्या पूर्वजांनी अल्लाउद्दीन खिलजी व महंमद तुघलक यांच्या दरबारी मानाची पदे भोगली होती. हे घराणे आपली वंशपरंपरा इस्लामचे दुसरे खलीफा हजरत उमर यांच्यापर्यंत नेत असे. उमर यांस अल्‌ फारुक असे उपपद होते. सत्य व असत्य यांचा निवाडा करणारा, असा त्याचा अर्थ. आपण ज्यास नीरक्षीरविवेक म्हणतो तोच हा गुण. हे नाव वागविणे सोपे नव्हे. याच उमर यांनी आपल्या सर्वांत विजयी सेनापतीस, खालिद इब्न वलीद यांस, सेनापतिपदावरून दूर केले होते; आणि असे सांगतात की तो महावीर दुसऱ्या सरदाराच्या हाताखाली तितक्याच निष्ठेने लढत राहिला. इ. स. ६४२ मध्ये तो निवर्तला. सीरिया देशातील होम्स नगरात त्याच्या नावाची मशीद व मकबरा आहे. तेथील युद्धात २०१३ साली तिची मोठी हानी झाली व पुढे ती दुरुस्त करण्यात आली. सेनापतीच्या स्मारकास लोक जपतात ते केवळ त्याच्या तलवारीसाठी नव्हे, हे तेथेही दिसते.

असो. वडील निवर्तल्यावर मलिक राजाच्या वाट्यास वैभव आले नाही. दौलताबादेस बहराम खान याने बहमनी सुलतानाविरुद्ध बंड केले, त्यात मलिक राजाचाही भाग होता असे इतिहासकार मानतात. बंड फसले आणि त्यास गुजरातकडे निघून जावे लागले. दौलताबादेच्या वास्तव्यात त्यास एक लाभ मात्र झाला. शेख झैनुद्दीन या चिश्ती परंपरेतील सत्पुरुषाचे त्याने शिष्यत्व पत्करले. या शेखांची समाधी खुलताबादेस आहे. त्यांच्याच सान्निध्यात पुढे औरंगजेबाने आपले दफन व्हावे अशी इच्छा धरली. गुरूने मलिक राजास आपले वस्त्र प्रसाद म्हणून दिले. आपल्याकडे गुरूच्या पादुका जशा पूजेत राहतात, तसे ते वस्त्र पुढे दोनशे वर्षे फारुकी घराण्यात वडिलांकडून मुलाकडे जात राहिले.

दिल्लीच्या तख्तावर तेव्हा फिरोजशाह तुघलक होता. मलिक राजा त्याच्या फौजेत एक साधा स्वार म्हणून दिवस कंठीत होता. विजापूर दरबारचा इतिहासकार फिरिश्ता याने पुढील प्रसंग लिहून ठेवला आहे. गुजरातच्या स्वारीत सुलतान शिकारीच्या नादात छावणीपासून कित्येक कोस दूर गेला. सोबतीचे लोक मागे राहिले. भुकेने व्याकूळ होऊन तो एका झाडाखाली बसला असता दोन-तीन शिकारी कुत्रे बरोबर घेतलेला एक एकटा शिकारी त्यास दिसला. सुलतानाने खाण्यास काही आहे का, असे विचारले. त्या शिकाऱ्याजवळ जे होते ते त्याने अदबीने पुढे ठेवले. तृप्त झाल्यावर सुलतानाने त्याचे नाव-गाव विचारले, तेव्हा तो आपल्या ओळखीतल्याच एका थोर सरदाराचा पुत्र असल्याचे त्यास कळले. संवरणाची मृगया आणि फिरोजशाहाची मृगया यांतील साम्य आमच्या श्रोत्यांच्या ध्यानी लगेच येते. रानात एकाकी पडलेल्या राजाचे भाग्य दोन्हीकडे उजळले. येथे मात्र त्याच्याबरोबर अन्न देणाऱ्याचेही उजळले.

सुलतानाने मलिक राजास दोन हजार स्वारांची मनसब दिली आणि १३७० साली थाळनेर व करवंद हे मुलूख जहागीर म्हणून नेमून दिले. हे करवंद शिरपूरजवळचेच. मुलूख कागदावर मिळाला होता. प्रत्यक्षात तो हाती यावयाचा होता. मलिक राजाने प्रथम बागलाणच्या राजावर चाल केली. त्यास खंडणी कबूल करावयास लावून पाच मोठे व दहा लहान हत्ती, तसेच जडजवाहीर मिळविले. ते हत्ती भरजरी झुलींनी सजवून त्याने दिल्लीस रवाना केले. प्रसन्न झालेल्या सुलतानाने त्याची मनसब तीन हजारांची केली आणि त्यास खानदेशचा सिपहसालार, म्हणजे सेनापती, हा किताब दिला. थोड्याच वर्षांत त्याच्या पदरी बारा हजार स्वार जमले. एवढी फौज थाळनेरच्या वसुलात पोसणे अशक्य होते. म्हणून त्याने गोंडवनाच्या राजांकडून खंडण्या वसूल केल्या. दिल्लीची सत्ता क्षीण होत चालली, तसा तो १३८२ च्या सुमारास स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. येथून फारुकी राज्याचा आरंभ धरतात.

वाचकहो, आम्ही त्यास संत म्हणत नाही. बागलाणच्या आणि गोंडवनाच्या प्रजेने त्याच्या स्वारांच्या टापा कोणत्या भावनेने ऐकल्या असतील, हे सांगावयास नको. लोभही त्यास सुटला नाही. माळव्याच्या दिलावरखानाशी त्याने सोयरीक केली, दोन्ही घरच्या मुला-मुलींची लग्ने लावली आणि त्या बळावर गुजरातच्या ताब्यातील सुलतानपूर व नंदुरबार यांवर झडप घातली. गुजरातचा जफरखान, जो पुढे मुजफ्फरशाह म्हणून सुलतान झाला, तो चालून आला. मलिक राजास थाळनेरच्या किल्ल्यात कोंडून घ्यावे लागले. अखेर धर्मपंडितांच्या मध्यस्थीने तह झाला, घेतलेला मुलूख परत गेला आणि जीव वाचला. यानंतर मात्र तो बदलला. पुन्हा परमुलखावर न जाता त्याने शेतीची वाढ व राज्याची व्यवस्था यांत लक्ष घातले. तापीकाठच्या काळ्या कसदार जमिनीत नांगर चालू राहिला पाहिजे, हे त्यास उमगले. एका पराभवातून जो एवढे शिकतो, त्यास आपण शहाणा म्हणावे.

परंतु ज्या गोष्टीसाठी आम्ही त्याचे आख्यान लावतो ती वेगळीच आहे. तिचा नायक खरे तर मलिक राजा नव्हे. त्याचे नाव आसा अहीर.

असीरगडाच्या डोंगरावर आसा नावाचा एक गवळी राजा राहत असे. त्याच्या पूर्वजांची तेथे पिढ्यान्‌पिढ्या सत्ता होती. हजारो म्हशी, हजारो मेंढ्या, हजार घोड्या एवढे पशुधन त्याच्यापाशी होते असे फिरिश्ता सांगतो. मलिक राजा खानदेशात येण्याच्या सुमारास या प्रदेशात भयंकर दुष्काळ पडला. कोळी आणि भिल्ल यांची तर दाणादाण उडाली. वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. आसाची धान्याची कोठारे खानदेशात व गोंडवनात भरलेली होती आणि त्याचे कारकून चढ्या काळात धान्य विकीत होते. तेव्हा त्याची पत्नी पुढे झाली. ती धर्मशील होती. दाणे विकावयाचे नाहीत, भुकेल्यांना फुकट वाटावयाचे, असा तिने पतीपाशी आग्रह धरला. आसाने तिचे ऐकले. कोठारे उघडली. ज्यांच्या हाती बळ होते त्यांना गडाच्या तटबंदीच्या कामावर घेऊन मजुरी दिली आणि वृद्ध, अपंग यांना तसेच अन्न दिले. इतिहासाने तिचे नाव राखले नाही. परंतु तापीतीरी अन्नपूर्णेचे नाव घेताना आमच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहते.

असा हा आसा मलिक राजास सर्वांच्या आधी सामोरा गेला. विरोध करण्याचे बळ असूनही त्याने सलोखा पत्करला. आता विचार करा. असीरगडासारखा अजिंक्य दुर्ग, दक्षिणेचे द्वारच तो. आणि तो सांभाळणारा एक गवळी. बारा हजार स्वारांच्या धन्यास तो घेण्याचा मोह झाला नसेल काय? परंतु आसाच्या सौजन्याचे ओझे मलिक राजाच्या मनावर होते. जो आपणाशी भला वागला त्याच्या घरावर हात टाकावयाचा नाही, एवढी मर्यादा त्याने अखेरपर्यंत पाळली. ज्याचे भाग्यच एका भुकेल्यास दिलेल्या अन्नातून उदय पावले होते, त्यास अन्नदात्याची किंमत कळावी यात नवल नाही. १३९९ साली तो थाळनेरास वारला, तेव्हा असीरगडावर आसाचाच दिवा जळत होता.

मरणापूर्वी त्याने गुरूचे वस्त्र थोरला पुत्र नासीर यास दिले आणि थाळनेर धाकट्या इफ्तिखारास दिले. नासीर धुळ्याच्या दक्षिणेस असलेल्या लळिंगच्या किल्ल्यावर राहू लागला. बापाने जपलेली मर्यादा त्यास दुबळेपणा वाटली. त्याने आसास कळविले की, बागलाणादी राजे माझ्यावर उठले आहेत, लळिंग शत्रूच्या तोंडाशी आहे, माझ्या बायकामुलांना आपल्या गडावर आश्रय द्या. आसाने एका शब्दानेही शंका न घेता घरे झाडून-सारवून सज्ज ठेवली. पहिल्या दिवशी काही डोल्या आल्या; त्यांत खरोखर स्त्रिया होत्या. आसाच्या घरच्या बायकांनी त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. आसा आपल्या मुलांसह पाहुण्यांची विचारपूस करावयास गेला. डोल्यांचे पडदे उघडले आणि आतून शस्त्रधारी शिपाई बाहेर पडले. आसा आणि त्याचे पुत्र जागच्या जागी मारले गेले. ज्या तटबंदीच्या मजुरीवर दुष्काळात लोक जगले होते, ती तटबंदी अशा रीतीने फारुकींच्या हाती पडली.

या ठिकाणी आमच्या कीर्तनात नेहमी शांतता पसरते. टाळकरीही थांबतात.

धर्मशास्त्राने बहुतेक पातकांना प्रायश्चित्त सांगितले आहे. कृतघ्नतेस सांगितलेले नाही. नासीरने पुढे तापीच्या तीरी बुऱ्हाणपूर वसविले आणि नदीपलीकडे गुरू झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद. माळव्याच्या साहाय्याने त्याने १४१७ साली सख्ख्या भावाकडून थाळनेर हिसकावले. पण शेवट काय झाला? जावई असलेल्या बहमनी सुलतानाशी वैर आले, १४३७ साली रोहणखेडच्या लढाईत त्याचा मोड झाला, त्याने वसविलेले बुऱ्हाणपूर शत्रूने लुटले आणि तो पळत पळत लळिंगला आला. तेथेच दुःखाने खचून त्याने देह ठेवला. त्यास थाळनेरास आणून पित्याशेजारी पुरले. एकाच भूमीत दोघे आहेत. एकाने उपकार स्मरला, दुसऱ्याने तो विकला.

कर्माची गती येथेही संपत नाही. दोनशे वर्षांनी अकबराने असीरगडास वेढा घातला. या वंशाचा शेवटचा सुलतान बहादूरशाह अभय मिळाल्याच्या भरवशावर गडाखाली उतरला आणि अडकविला गेला. १६०१ च्या जानेवारीत गड पडला. लाच देऊन दरवाजे उघडले गेले असे त्या काळी सर्वत्र बोलले जाई. विश्वासघाताने आलेला गड विश्वासघातानेच गेला. गुरुप्रसादाच्या वस्त्राची परंपराही तेथेच संपली.

तर मग या घराण्याचे आमच्याशी नाते काय? संस्कृताचा अभ्यासक म्हणून आम्ही बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीचा दाखला देतो. मलिक राजाच्याच वंशातील आदिलशाहाने, ज्यास लोक राजा अलीखान म्हणतात, ती बांधविली. तिच्या भिंतीवर अरबीच्या जोडीस एक संस्कृत शिलालेख आहे. सृष्टिकर्त्यास वंदन करून तो आरंभ करतो. त्या परमेश्वरास अव्यक्त आणि सर्वव्यापी म्हणतो, आणि नंतर वंशावळ सांगतो, तिच्यात पहिले नाव राजा मलिक याचे आहे. त्यापुढे काळ दिला आहे तो आपल्या पंचांगाप्रमाणे : विक्रम संवत् १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष शुद्ध दशमीनंतरची एकादशी, सोमवार, रोहिणी नक्षत्र, योग आणि करणही सोडलेले नाहीत. इंग्रजी गणनेने १५९० चा जानेवारी. मशीद बांधणाऱ्या सुलतानास तिथी एकादशीची आणि नक्षत्र रोहिणीचे लिहवून घ्यावेसे वाटले, आणि ते लिहून देणारा पंडित त्यास येथेच भेटला. या भूमीस कोणी कान्हदेश म्हणोत, कोणी खानांचा देश म्हणोत. त्या शिलेवर दोन्ही भाषा एका भिंतीला लागून आहेत.

त्या माउलीस आता आम्ही असे उत्तर देऊ. आई, तापीमाई जेव्हा थाळनेरच्या घाटास वळसा घालते, तेव्हा ती किल्ल्यास विचारीत नाही की तू कोणाचा, आणि कबरीस विचारीत नाही की तुझ्यात कोण. तिने संवरणाची चूक पाहिली, आसाच्या पत्नीचे दान पाहिले, मलिक राजाची मर्यादा पाहिली आणि नासीरचे पातकही पाहिले. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी याच किल्ल्यावर शिबंदीची कत्तल करून किल्लेदार तुळशीराम मामा यास फाशी दिले, तेही तिने पाहिले. धर्म कोणत्या वेशात आला आणि अधर्म कोणत्या वेशात आला, याची साक्ष तिच्याच पाण्याजवळ आहे. ज्याने उपकार स्मरला तो आपला, मग त्याची उपासना कोणतीही असो. ज्याने तो विसरला तो परका, मग तो स्वतःच्या बापाच्या शेजारी का निजलेला असेना.

आणखी एक विनंती. आज नदीवर दिवे सोडाल तेव्हा एक दिवा त्या अनाम गवळणीच्या नावाने सोडावा, जिने कोठाराची कुलुपे काढविली. घरी आल्यावर आपल्या अन्नातील मूठभर धान्य एखाद्या गरजूच्या ओंजळीत घालावे. एका भुकेल्यास दिलेल्या घासातून एक राज्य उभे राहिले आणि एका अन्नदात्याच्या घातातून त्याच राज्यास कलंक लागला, एवढे स्मरले तरी तापीजन्माचा हा उत्सव सार्थकी लागेल.

सूर्यकन्या तापीमाई सर्वांच्या शेतात पाणी आणि सर्वांच्या मनात कृतज्ञता भरून ठेवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.